उन्हाळ्यात यलोस्टोन, सोबत आई-बाबा, पोरं आणि बाबांची गरी: कसं जमवावं?

खाडीवरचा | ९ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. यंदा जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत येतायत, तीन महिने राहतील. बाबा ७१, आई ६६, आमची मुलगी ११ आणि मुलगा ६ वर्षांचा. जुलैत सगळ्यांना घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं आमच्या मनात आहे. वेस्ट यलोस्टोन आमच्यापासून साधारण ३२० मैल म्हणजे पाच तास गाडीने, त्यामुळे विमानाची भानगड नाही.

आता खरा प्रश्न. बाबांना व्हिडिओ कॉलवर गीझर (जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे) दाखवले, रंगीत कुंडं दाखवली, बायसनचे म्हणजे तिकडच्या रानगव्यांचे कळप दाखवले. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "ह्यां सगळां ठीक आसा, पण थंय मासो गावता काय?"

आमचं गाव देवगडजवळ, खाडीला लागून. बाबांनी आयुष्यभर एसटीत नोकरी केली पण संध्याकाळी जेटीवर गरी (गळ) टाकून बसल्याशिवाय त्यांचा दिवस संपायचा नाही. गेल्या वर्षी गुडघा बदलला, जेटीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं म्हणून आई आता एकट्याने जाऊ देत नाही, आणि सोबतीला कोण रोज जाणार. म्हणजे वर्षभर त्यांनी गरीला हात लावलेला नाही. ते बोलून दाखवत नाहीत पण मला कळतं.

बायकोचं म्हणणं असं की चार दिवस तर मिळतायत, त्यातला एक दिवस मासे पकडण्यात घालवला तर बघायचं कधी? तिचंही चूक नाही. तर विचारायचं असं की चार दिवसांत दोन्ही जमेल का, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तिथे नीट बसून मासे पकडता येतील अशी जागा आहे का, परवानगी काय लागते आणि राहावं कुठे.

भटकी_पोर | ९ फेब्रुवारी

पहिली गोष्ट, पाच दिवस करा. नकाशावर पार्कातला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो, सगळा मिळून १४२ मैल, आणि आपल्याला वाटतं एका दिवसात होईल. नाही होत. बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैलांची मर्यादा आणि त्यात बायसन रस्त्यावर उभे राहिले की अर्धा-पाऊण तास गेलाच, हॉर्न वाजवून उपयोग नाही.

आतल्या लॉजची बुकिंग १३ महिने आधी उघडतात त्यामुळे जुलैचं आता अवघड आहे, पण लोक रद्द करत असतात. रोज सकाळी चहा घेताना एकदा साइट उघडायची, आम्हाला असंच यलोस्टोन लेक या तळ्याजवळ दोन रात्री मिळालं होतं. नाहीतर वेस्ट यलोस्टोन किंवा त्याच्या खाली आयडाहोत आयलंड पार्कला केबिन घ्या, स्वयंपाकघर मिळतं. आई-बाबा सोबत असताना स्वयंपाकघर हवंच.

शंकासुर | ९ फेब्रुवारी

नॅशनल पार्कात मासे पकडू देतात? ताडोबात तळ्याजवळ गाडीतून पाय खाली ठेवू देत नाहीत.

बोईसीकर | १० फेब्रुवारी

देतात, पण नियम कडक आहेत. मी आयडाहोत १४ वर्षं आहे आणि दर उन्हाळ्यात जातो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

यलोस्टोनचं स्वतःचं फिशिंग परमिट लागतं, राज्याचं लायसन्स आत चालत नाही. तीन दिवसांचं ४० डॉलर, सात दिवसांचं ५५, अख्ख्या सीझनचं ७५. १६ वर्षांखालच्या मुलांना परमिटधारक मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली फुकट. म्हणजे बाबांचं एक परमिट काढलं की दोन्ही नातवंडं त्यांच्याबरोबर गळ टाकू शकतात. ऑनलाइन मिळतं. सीझन मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेच्या शनिवारी सुरू होतो तो ३१ ऑक्टोबरपर्यंत.

आता बाबांना न आवडणारा भाग. आमिष चालत नाही. कोळंबी नाही, गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही, वासाचं काहीच नाही. फक्त खोटं आमिष, म्हणजे धातूचा चमचा किंवा पिसांची माशी. गरीला काटा नको म्हणजे तो उलटा दात पकडीने दाबून सपाट करायचा. आणि शिसं अजिबात नाही. आपल्याकडे दोरीला शिसं बांधतात तसं केलं तर नियमभंग आहे, कारण शिसं पाण्यात पडून पक्ष्यांच्या पोटात जातं. टिन किंवा टंगस्टनचं वजन घ्या. तळाला नमदा लावलेले बूटही बंद आहेत, त्यातून एका नदीतले रोग नि गोगलगायी दुसऱ्या नदीत जातात.

मॅडिसन आणि फायरहोल नदीवर फक्त फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसांच्या माशीनेच मासेमारी चालते, ते शिकायला वेळ लागतो, बाबांना तिकडे नेऊ नका. शिवाय जुलैत उन्हाने ते पाणी तापलं की तिथे बंदीच लागते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, ट्राऊट (तिथला थंड पाण्यातला मासा) आधीच दमलेला असतो, गळाला लागून सुटला तरी मरतो. यलोस्टोन लेकच्या काठावर साधा रीळवाला रॉड आणि चमचा चालतो. गल पॉइंटला गाडी जवळपर्यंत जाते, काठ उथळ आणि बऱ्यापैकी सपाट आहे, घडीची खुर्ची टाकून बसता येईल. गुडघ्याला तेच बरं.

खाडीवरचा | १० फेब्रुवारी

बोईसीकर, कोपरापासून नमस्कार. बाबांना आत्ताच फोन केला. शिसं नाही हे पटलं, आमिष नाही हे पटलेलं नाही. म्हणाले मासो काय येडो आसा काय लोखंड खावक.

बोईसीकर | १० फेब्रुवारी

त्यांना सांगा मासा भुकेपेक्षा चमकण्याला फसतो. चमचा पाण्यात लहान मासोळीसारखा वळवळतो. बांगड्याला पिसं लावतात की आपल्याकडेही, तसंच.

खाडीवरचा | १० फेब्रुवारी

हे सांगितलं. "मगे ठीक."

कोळीणबाय | ११ फेब्रुवारी

मी ऐकलंय की तिथे मासा धरून परत सोडायचा असतो. खरं आहे का? मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. आमच्या घरात चार पिढ्या मासे धरले आणि विकले. पण खायला नाही, विकायला नाही, नुसतं जबडा फोडून वर काढायचं, फोटो काढायचा आणि टाकायचा परत पाण्यात, हे मला कधीच कळलं नाही. जीव घ्यायचा तर पोटासाठी घ्या, नाहीतर त्याला त्याच्या पाण्यात राहू द्या.

शंकासुर | ११ फेब्रुवारी

कोळीणबाय +१. धरायचा आणि सोडायचा तर धरायचा कशाला?

बोईसीकर | ११ फेब्रुवारी

कोळीणबाय, तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. यलोस्टोनमध्ये जे मूळचे मासे आहेत, कटथ्रोट ट्राऊट, ग्रेलिंग आणि व्हाइटफिश, ते सोडावेच लागतात. कटथ्रोट ओळखायचा म्हणजे जबड्याखाली लाल-केशरी पट्टा असतो, गळा चिरल्यासारखा. हात ओले करून धरायचा, शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही, बिनकाट्याची गरी असली की दोन सेकंदांत सुटते. तरी काही मरतात, ते मी नाकारत नाही. पण ज्यांना त्या माशाचं काहीतरी पडलेलं असतं अशी माणसं या परमिटमुळे पाण्याजवळ टिकून राहतात असं माझं मत आहे.

आणि सगळेच सोडायचे नसतात! लेकमध्ये लेक ट्राऊट मिळाला तर उलट नियम आहे, तो मारायचाच. सोडला तर गुन्हा.

पुरणपोळी | ११ फेब्रुवारी

एकच तळं, एक मासा सोडलाच पाहिजे, दुसरा मारलाच पाहिजे?? असं का?

रानवाट | १२ फेब्रुवारी

हा माझा आवडता विषय, थोडं लांब लिहितो.

आपल्याकडे पहिल्या पावसात वहाळातून, ओढ्यातून मासे उलटे वर चढतात अंडी घालायला, त्याला कुणी चढणीचे म्हणतं कुणी वलगणीचे. यलोस्टोनचा कटथ्रोट अगदी तसाच. तळ्यात राहतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला आजूबाजूच्या ओढ्यांमध्ये अंडी घालायला चढतो. त्या उथळ पाण्यात मग ग्रिझली अस्वलं, पाणमांजरं, ऑस्प्रे गरुड असे सगळे जेवायला येतात. म्हणजे एका माशावर अख्खं रान पोसलं जायचं.

तिथे फिशिंग ब्रिज नावाचा लाकडी पूल आहे, १९३७ साली बांधलेला, जिथे तळ्यातून यलोस्टोन नदी बाहेर पडते. नावच फिशिंग ब्रिज, लोक खांद्याला खांदा लावून उभे राहून गळ टाकायचे. पण नेमकी तीच कटथ्रोटची अंडी घालायची जागा. म्हणून १९७३ साली पुलावरून मासेमारी बंद केली. नाव तसंच राहिलं, आता लोक कठड्यावरून वाकून नुसते मासे बघतात. पोरांना नक्की न्या.

मग १९९४ साली तळ्यात लेक ट्राऊट सापडला. तो तिथला नव्हे, कुणीतरी आणून सोडलेला. तो कटथ्रोटची पिल्लं खातो. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली दुर्दैव, तो स्वतः खोल पाण्यात राहतो आणि ओढ्यांत चढतच नाही, त्यामुळे अस्वलाच्या, गरुडाच्या काही कामाचा नाही. क्लियर क्रीक नावाच्या एका ओढ्यात १९७८ साली ७० हजार कटथ्रोट चढलेले मोजले होते, २००७ साली पाचशेच्या आसपास उरले. लेक ट्राऊट सापडल्यापासूनच पार्कवाले बोटींतून जाळी टाकून तो काढतायत, आजवर लाखोंनी काढले, आणि कटथ्रोट हळूहळू सावरतोय. तुमच्या बाबांनी एक मारला तरी त्या कामाला हातभारच.

उजनी धरणात चिलापी या बाहेरून आलेल्या माशाने जे केलं तेच हे. जुन्या कोळ्यांना विचारा उजनीत पूर्वी काय काय मिळायचं.

कोळीणबाय | १२ फेब्रुवारी

चढणीच्या माशाचं वाचून पोटात कालवलं. हे मला माहीत नव्हतं. मग लेक ट्राऊट मारा आणि खा, त्याला माझी ना नाही. सोडायच्या माशाबद्दल माझं मत तेच आहे.

सह्याद्रीपुत्र | १२ फेब्रुवारी

विषय निघालाच आहे तर, लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचं महसीर केंद्र आहे, तिथे कित्येक दशकं महसीरची पिल्लं वाढवून नद्यांमध्ये सोडतायत. आपल्याकडेही लोकं काम करतात, फक्त त्याचा गाजावाजा होत नाही.

पुरणपोळी | १३ फेब्रुवारी

आम्ही शाकाहारी, तेव्हा जरा वेगळा प्रश्न. आत जेवायची काय सोय?

भटकी_पोर | १३ फेब्रुवारी

आत जेवण महाग आणि शाकाहारी म्हणजे चीज घातलेलं काहीतरी. आम्ही सकाळी केबिनवर पोळ्या, बटाट्याची भाजी करून डबे घेतले, दहीभात कूलरमध्ये, बाकी फळं. पिकनिक टेबलं भरपूर आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, टेबलावर अन्न सोडून दहा पावलंही जायचं नाही. कूलर, डबे, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की शेवटी त्या अस्वलाला मारावं लागतं. फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडला तर अस्वलांमुळे तंबूला परवानगीच नाही, पत्र्याच्या भिंतींची गाडी असेल तरच.

अंतराचंही सांगते, बायसन आणि एल्कपासून (मोठं हरीण) २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड. बायसन म्हशीसारखा गरीब दिसतो. तो गरीब नाही. पोरांना हे चारदा सांगा आणि बाबांना पाचदा.

आजोबा१९५० | १४ फेब्रुवारी

मी या धाग्यावर लिहू की नको विचार करत होतो. २०१६ साली मुलाने आम्हा दोघांना अमेरिका दाखवली. नऊ दिवसांत पाच पार्क. पोराने रजा काढून, पैसे साठवून, एवढ्या प्रेमाने केलं की त्याला कसं सांगू. रोज सकाळी सहाला उठून गाडीत, उतरा, बघा, फोटो, बसा. सौ.चे पाय सुजायचे. आज मला त्या पाच पार्कांतलं काय आठवतं विचाराल तर टेटन पार्कात एकदा टायर पंक्चर झाला होता तेव्हा मी नदीकाठी एका ओंडक्यावर तास दीड तास बसलो होतो, ते. पाण्याचा आवाज होता, एक पक्षी सारखा बुडी मारत होता. मला कुणी चला म्हणत नव्हतं.

खाडीवरचा, सूनबाईंना माझ्यातर्फे सांगा, बाबांचा एक दिवस वाया जातोय असं समजू नका. त्या दिवशी त्यांनी मुलांना घेऊन यलोस्टोनची मोठी दरी, कॅन्यन, बघून यावं आणि बाबांना पाण्याजवळ सोडावं.

तब्येतीचं: तळं ७७०० फूट उंचीवर आहे. पहिल्या दिवशी दम लागतो, डोकं जड होतं. पहिला दिवस हलका ठेवा, पाणी पाजत राहा, गुडघ्याच्या गोळ्या हाताशी ठेवा. जुलैत रात्री थंडी वाजते, लोकरीची टोपी घ्याच. ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध गीझरच्या भोवती बाक आहेत, आणि गीझरच्या भागात बऱ्याच ठिकाणी लाकडी वाट आहे, व्हीलचेअर जाते. मागायला लाजू नका. आम्ही लाजलो होतो.

खाडीवरचा | १४ फेब्रुवारी

काका, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. रात्री तिने पाच दिवसांची केबिन बुक केली, आयलंड पार्कला.

शंकासुर | १५ फेब्रुवारी

काकांच्या पोस्टने मीपण आज वडिलांना फोन केला. बस्स एवढंच.

बोईसीकर | १५ फेब्रुवारी

आयलंड पार्कला राहताय तर बिग स्प्रिंग्ज चुकवू नका. डोंगराच्या पायथ्यातून जमिनीखालचं पाणी थेट नदी होऊन बाहेर येतं, रोज १२ कोटी गॅलन, बारा महिने ५२ फॅरनहाइट. पाणी इतकं स्वच्छ की पुलावरून हातभर लांबीचे ट्राऊट दिसतात. तिथे मासेमारीला बंदी आहे, बाबांना आधीच सांगून ठेवा नाहीतर जीव खालीवर होईल.

आणि जुलैत लेक ट्राऊट काठावर मिळत नाही, पाणी वरून कोमट झालं की तो खोल जातो. तो हवा तर ब्रिज बेच्या धक्क्यावरून गाइडसकट बोट मिळते. महाग आहे पण दोन तासांचं पुरतं. सकाळचीच घ्या, दुपारनंतर त्या तळ्यावर वारा सुटतो आणि लाटा समुद्रासारख्या होतात. पाणी इतकं थंड की बोट उलटली तर पोहता येणारा माणूसही फार वेळ टिकत नाही. लाइफ जॅकेट घट्ट बांधा.

मिसळ_विथ_पाव | ३ मार्च

वेस्ट थंबला फिशिंग कोन नावाचं एक गरम पाण्याचं कुंड आहे, अगदी तळ्याच्या काठात. जुन्या काळी लोक तळ्यातून मासा काढायचे आणि गळाला लटकलेला तसाच त्या उकळत्या कुंडात बुडवून शिजवायचे! शेफची टोपी घालून फोटो काढायचे म्हणे. आता अर्थातच बंदी. हे वाचल्यापासून माझ्या मनात एकच विचार, मीठ-मसाला कधी लावायचे?

कोळीणबाय | ३ मार्च

खवले तरी काढत होते का ते विचारा आधी.

खाडीवरचा | २० जुलै

मंडळी, जाऊन आलो! सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलं होतं म्हणून सविस्तर लिहितो.

९ ते १४ जुलै. पहिला दिवस काकांनी सांगितल्याप्रमाणे हलका, बिग स्प्रिंग्जच्या पुलावर बाबा दोन तास उभे. हलेचनात. आई म्हणाली आता तरी चला, तर म्हणाले "गरी नाय ता नाय, बघूक तरी दी."

दुसऱ्या दिवशी ओल्ड फेथफुल. साधारण दीड तासाने उडतो, पुढची वेळ पाटीवर लिहितात, दहा मिनिटं इकडेतिकडे. आईने हात जोडले. मी काही बोललो नाही, माझेही जोडले गेले. ग्रँड प्रिझ्मॅटिक या रंगीत कुंडाला आम्ही सकाळी आठला गेलो ती चूक झाली, थंडीमुळे नुसती वाफ, रंग काहीच नाही. दुपारी परत गेलो, ऊन वर आल्यावर, तेव्हा ते निळं आणि कडेचं केशरी दिसलं. आई-बाबा खालच्या लाकडी वाटेवर थांबले, आम्ही पोरांना घेऊन फेअरी फॉल्सच्या वाटेने वरच्या टेकडीवरून बघितलं. लेकीला रेंजरने सांगितलं की तो रंग गरम पाण्यात राहणाऱ्या जिवाणूंचा, आणि याच पार्कातल्या एका जिवाणूपासून पीसीआर टेस्टचं एन्झाइम मिळालं. करोनात नाकात काडी घालून जी टेस्ट केली तिचं मूळ इथे, हे ऐकून ती दिवसभर सगळ्यांना तेच सांगत होती.

तिसरा दिवस बाबांचा. बायको मुलाला आणि आईला घेऊन कॅन्यनला गेली, आर्टिस्ट पॉइंटवरून ३०८ फुटांचा धबधबा बघायला. मी, बाबा आणि लेक गल पॉइंटला. खुर्ची टाकली, रॉड दिला. रीळ त्यांना नवीन, घरी हातानेच दोरी टाकतात, पण अर्ध्या तासात माझ्यापेक्षा लांब टाकायला लागले. सकाळभर काही नाही. मला टेन्शन, त्यांना अजिबात नाही. लेकीला लाटेवरून वारा कसा वाचायचा ते दाखवत होते. माझ्या लहानपणी आमचं दोघांचं जेटीवर असंच चालायचं, मी ते विसरलो होतो.

साडेअकराच्या सुमारास ओढ बसली. कटथ्रोट, दीड वीत तरी असेल. लेकीने हात ओले करून पाण्यातच धरला, बाबांनी वाकून गळ्याखालचा लाल पट्टा बघितला आणि गरी काढली. क्षणभर मासा तिच्या हातात तसाच थांबला आणि गेला. मला वाटलं होतं बाबा कुरकुरतील. लेकीने त्यांना पार्कातल्या मुलांसाठीच्या ज्युनियर रेंजर पुस्तकातलं सगळं सांगितलं, ओढ्यात चढतो, अंडी घालतो, अस्वल खातं. ते ऐकून घेतलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमी चढणीचे मारले. पोटात गाबोळी (अंडी) दिसता तरी मारले. म्हणान आता वहाळात कायएक गावना नाय." मग पुन्हा रॉड टाकला. कोळीणबाय, तुमचं म्हणणं मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले बाय खरां सांगता, आणि त्यानंतर दोनच मासे धरले, चांगले लागत असताना रॉड गुंडाळून ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी ब्रिज बेहून बोट. लाइफ जॅकेट घालायला बाबा तयार नव्हते, ६० वर्षं पाण्यात काढली म्हणे. आईने काठावरून एकदाच बघितलं, घातलं. खोलातून दोन लेक ट्राऊट मिळाले, काळपट अंगावर पांढरे ठिपके आणि शेपटीला खाच. गाइडने जागीच मारले, साफ केले, आतडी-पिशवी खोल पाण्यात. बाबा त्याच्या सुरीचा हात बघत होते, उतरल्यावर मला म्हणाले, "पोरगो शिकलेलो आसा." दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती पण दोन तास काय बोलत होते देव जाणे. दहा वाजता वारा वाढला आणि गाइडने बोट फिरवली, बोईसीकर तुम्ही म्हणालात अगदी तस्सं.

येताना हेडन व्हॅलीत बायसन आडवे, पन्नास मिनिटं. कूलरमध्ये मासे, मला बर्फाची काळजी. बाबा झोपले.

रात्री केबिनवर आईने कालवण केलं. तिरफळं आणि आमसुलं ती गावाहून घेऊनच आली होती, नारळाचं दूध डब्यातलं. थोड्या तुकड्या रव्यात तळल्या. लेक ट्राऊट तेलकट असतो, तिरफळाने तो बरोबर ताब्यात आला. बायको तिकडून कॅन्यनचे फोटो दाखवत होती आणि बाबा प्रत्येक फोटोत नदी कुठून कुठे जाते ते विचारत होते.

आजोबा१९५० | २० जुलै

दोनदा वाचलं. आईंना आमचा नमस्कार सांगा.

कोळीणबाय | २१ जुलै

लागत असताना रॉड ठेवला, या एका वाक्यासाठी तुमच्या बाबांना माझ्याकडून सुरमई. खरंच. कधी मुंबईत आले तर कळवा.

पुरणपोळी | २१ जुलै

मी मासे खात नाही तरी कालवणाची कृती हवी आहे, नवरा खातो. नारळाचं दूध आधी की नंतर?

खाडीवरचा | २१ जुलै

आईला विचारलं. वाटणात मिरची-धणे-हळद, आमसूल आणि ठेचलेली तिरफळं घालून आधी उकळी, मग मासा, आणि दूध सगळ्यात शेवटी. दूध घातल्यावर खळखळून उकळायचं नाही. ढवळायचं तर नाहीच, टोप धरून हलवायचा.

भटकी_पोर | ८ जानेवारी २०२६

धागा वर काढतेय कारण यंदा जाणाऱ्यांसाठी नियम बदललाय. १ जानेवारीपासून अमेरिकेत न राहणाऱ्या पाहुण्यांना यलोस्टोन, टेटन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन धरून ११ पार्कांत नेहमीच्या प्रवेश फीशिवाय माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. वार्षिक पास इथल्या रहिवाशांना ८० डॉलर, बाहेरच्यांना २५०. आई-बाबा भारतातून येणार असतील आणि दोन-तीन पार्क करणार असाल तर आधी हिशोब करून घ्या.

शंकासुर | ८ जानेवारी

अरे बापरे. धन्यवाद. आमचे बाबा मे महिन्यात येतायत.

खाडीवरचा | ९ जानेवारी

शंकासुर, वा! केबिन लवकर बघा.

बोईसीकर, तुम्हाला एक विचारायचंय. बाबा जाताना तो रॉड आणि रीळ गावी घेऊन गेले. आता गावातला एक कॉलेजचा पोरगा रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत जेटीवर येतो, त्याला रीळ शिकायचंय आणि बाबांना पायऱ्या उतरायला हात हवा असतो. पण रीळ आत्ताच करकर आवाज करायला लागलंय. खाऱ्या पाण्याने असेल का?

बोईसीकर | ९ जानेवारी

हो, ते गोड्या पाण्याचं रीळ आहे. रोज घरी आल्यावर साध्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायचं, जोरात नळ सोडायचा नाही, नाहीतर मीठ आत जातं. पुसून सावलीत वाळवायचं आणि आठवड्यातून एकदा हँडलच्या बुडाला आणि दोरी जिथून वळते त्या चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच थेंब. करकर थांबली नाही तर मला फोटो पाठवा, पुढच्या वेळी कुणी देवगडकडे जाणारं असेल त्याच्याकडे मी खाऱ्या पाण्याचं रीळ देतो.